सातबारा आमचा, पण त्यातला चिरा कोणाचा?

सड्यावरचा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. खालच्या अंगाला थोडी भातशेती आहे आणि उरलेला सगळा सडा, म्हणजे पावसाळ्यात गवत आणि एरवी उघडा कातळ. सातबाऱ्यावर माझे वडील, काका आणि आत्या अशी तीन नावे सामाईक आहेत. आजवर त्या सड्याला कोणी विचारले नव्हते. आता मात्र जवळच्याच गावातील एका चिरेखाण व्यावसायिकाने पाच वर्षांसाठी जागा मागितली असून निघणाऱ्या दर चिऱ्यामागे (बांधकामासाठी कापलेल्या जांभा दगडामागे) ठरावीक रक्कम देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांनी पाठवलेल्या कराराच्या मसुद्यात "जमीनमालक आपल्या मालकीचा जांभा दगड खरेदीदारास विकत देत आहेत" असे वाक्य आहे.

या वाक्यावरून घरात दोन तट पडले आहेत. काकांचे म्हणणे असे की जमिनीखालचे सगळे सरकारचे असते, त्यामुळे जे आपले नाही ते आपण विकू शकत नाही. वडिलांना व्हॉट्सॲपवर एक संदेश आला आहे, त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली "खनिज जमीनमालकाचेच" असा निकाल दिल्याचे लिहिले आहे. माझे प्रश्न असे: खनिजाची मालकी खरोखर कोणाची? ती सरकारची असेल तर सरकार किंवा सरकारने पाठवलेला कोणीही आमच्या जमिनीत शिरू शकतो का? आम्हाला त्याच जमिनीत घर बांधायचे आहे, त्यासाठी लागणारा चिरा आमच्याच सड्यातून काढता येईल का? आणि करार करायचाच झाला तर त्यात नेमके काय लिहावे?

जुना दफ्तरदार

आपले काका बरोबर आहेत, निदान महाराष्ट्रापुरते तरी. महसूल खात्यात आयुष्य गेल्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातील कलम ४८ काढून वाचावे. खनिज कोठेही सापडो, पृष्ठभागावर किंवा भूगर्भात, चालू खाणीत किंवा सोडून दिलेल्या खाणीत, शेतात, बांधात, नाल्यात, खाडीत किंवा नदीपात्रात, त्यावरचा हक्क राज्य शासनाने राखून ठेवला आहे आणि तो शासनाकडे निहित आहे, असे ते कलम स्पष्ट सांगते. हा काही स्वातंत्र्यानंतर कोणाच्या डोक्यातून निघालेला नवा विचार नव्हे. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल अधिनियमातील कलम ६९ मध्येही खाणी व खनिजांवरचा हक्क सरकारने आपल्याकडेच ठेवला होता. फरक एवढाच की ते कलम सारामाफी नसलेल्या जमिनींपुरते होते आणि सनदेत (जमीन देतानाच्या सरकारी लेखात) वेगळे काही स्पष्ट लिहिलेले असेल तर ती सनद प्रमाण मानली जाई. म्हणून ज्यांच्याकडे जुन्या इनामाची मूळ सनद आहे, त्यांनी सनदेचा प्रत्येक शब्द वकिलाला दाखवावा. आपल्यासारख्या साध्या रयतवारी, म्हणजे सरकारला थेट सारा भरणाऱ्या, खातेदाराला तो वाव नाही.

"खनिज" म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर सोने, लोखंड नाहीतर कोळसा येतो आणि मुरूम, माती, वाळू, चिरा हे आपलेच असे वाटते. कायद्याच्या दृष्टीने ही गौण खनिजे आहेत आणि गौण असली तरी खनिजेच आहेत. जांभ्याबद्दल तर शंकेला जागाच नाही. १० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्राने आणखी ३१ खनिजे गौण म्हणून जाहीर केली, त्या यादीत जांभ्याचे नाव आहे. गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाच्या कलम १५ नुसार राज्यांना आहे आणि त्याप्रमाणे आपल्याकडे २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. उत्खननासाठी परवाना किंवा खाणपट्टा (खाणीचा मुदतीचा भाडेपट्टा) लागतो, स्वामित्वधन (खनिजाबद्दल शासनाला द्यायची रक्कम, रॉयल्टी) भरावे लागते, आणि गाडी रस्त्यावर आली की वाहतूक पास जवळ असावा लागतो.

परवाना नसताना उत्खनन केले तर काय होते, ते कलम ४८ च्या पोटकलम ७ मध्ये आहे. खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि तो तहसीलदाराच्या दर्जाचा अधिकृत अधिकारी लेखी आदेशाने बसवू शकतो. या पोटकलमातील एक कंस मला नेहमी दाद देण्यासारखा वाटतो. त्यात "शेताचे बांध दुरुस्त करण्याच्या किंवा बांधण्याच्या सबबीखाली असो किंवा अन्य कोणत्याही सबबीखाली असो" अशा आशयाचे शब्द आहेत. मसुदा लिहिणाऱ्याने गावोगावचे जबाब वाचलेले असणार, कारण पंचनाम्याच्या वेळी हटकून हेच उत्तर मिळते.

पंचनामा कसा होतो हेही सांगतो, कारण दंडाचा आकडा तिथे ठरतो. मंडळ अधिकारी आणि तलाठी पंचांसमक्ष खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली मोजतात. समजा, खड्डा ६० फूट लांब, ४० फूट रुंद आणि सरासरी १० फूट खोल निघाला. म्हणजे २४,००० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणून २४० ब्रास. उदाहरणासाठी बाजारभाव ब्रासला १,००० रुपये धरला तर पाचपट दंड १२ लाख रुपये होतो आणि स्वामित्वधन त्याहून वेगळे. हा दंड जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होतो. खाणवाला यंत्र उचलून दुसऱ्या तालुक्यात जातो. सातबारा मात्र कोठे जात नाही. त्यामुळे नोटीस प्रथम खातेदाराच्या नावाने निघते आणि रक्कम भरली गेली नाही तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढतो. शिवाय वाहने व यंत्रे जप्त होतात ती वेगळीच. त्यांच्या सुटकेसाठी ट्रॅक्टरला १ लाख आणि खोदाई यंत्राला साडेसात लाख रुपये अशा रकमा नियमांत आहेत.

आदेश चुकीचा वाटला तर तहसीलदाराच्या आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येते. अपिलात टिकणारा मुद्दा बहुतेक वेळा मोजमापाचा असतो, मालकीचा नसतो.

कायदेपंडित नव्हे, नुसता वकील

वरील प्रतिसादाला पूरक म्हणून तो २०१३ चा निकाल काय आहे ते सांगतो, कारण व्हॉट्सॲपवरचा संदेश पूर्ण खोटा नाही आणि म्हणूनच अधिक फसवा आहे.

८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने थ्रेसिअम्मा जेकब प्रकरणात निकाल दिला. हे प्रकरण केरळमधील मलबार भागातील जन्मी हक्काच्या, म्हणजे तेथील परंपरागत मालकीच्या, जमिनींचे होते. त्या जमिनींत खासगी दगडखाणी होत्या, राज्याने त्यांच्याकडे स्वामित्वधन मागितले आणि जमीनधारकांनी "खनिज आमचेच, मग स्वामित्व कसले" असा सवाल केला. न्यायालयाने मलबारमधील जमीनधारणेचा ब्रिटिश काळापासूनचा इतिहास तपासला आणि असे म्हटले की जमिनीखालच्या खनिजाची मालकी सामान्यतः जमिनीच्या मालकीबरोबर जाते, मात्र एखाद्या वैध प्रक्रियेने मालकाचा तो हक्क काढून घेतलेला नसेल तर. १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाने खनिजे राज्याच्या मालकीची होत नाहीत, तो अधिनियम केवळ नियमन करतो, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

व्हॉट्सॲपवर या निकालाचे पहिले अर्धे वाक्य फिरते आणि "मात्र" पासूनचे दुसरे अर्धे गळून पडते. मलबारमध्ये खनिजावरचा सरकारी हक्क सांगणारा कायदा केरळ राज्याला दाखवता आला नाही. आपल्याकडे कलम ४८ हाच तो कायदा आहे आणि त्याच्या मागे १८७९ चे कलम उभे आहे. त्यामुळे त्या निकालाच्या आधारे महाराष्ट्रातील खातेदाराने परवान्याशिवाय खणायला सुरुवात करणे म्हणजे स्वतःहून दंडाला निमंत्रण देणे होय. शिवाय केरळमधील त्या मालकांनाही परवान्यातून सूट मिळाली नाही. मालकी कोणाचीही असो, खाणकामाचे नियमन सर्वांना लागू आहे. आपल्या घराची मालकी निर्विवाद असली तरी मजला चढवायला परवानगी लागतेच, तसेच हे.

स्वामित्वधनाचे स्वरूप काय, हा प्रश्न त्या वेळी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे प्रलंबित असल्याने २०१३ च्या पीठाने तो तसाच ठेवला. पुढे २५ जुलै २०२४ रोजी त्या नऊ जणांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने स्वामित्वधन हा कर नव्हे, असा निर्णय दिला. न्या. नागरत्ना यांचे मत वेगळे होते. खनिजाच्या हक्कावर कर बसवण्याचा राज्यांचा अधिकार या निकालाने मान्य झाला. मोठ्या खाण कंपन्यांसाठी तो फार महत्त्वाचा आहे. आपल्या सड्यापुरता त्याचा थेट परिणाम नाही.

सह्यकडा

वकीलसाहेब, मला हे इतक्या सहज पटत नाही. घटनेच्या अनुच्छेद ३०० अ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, आणि काढून घेतली तर भरपाई द्यावी लागते. माझ्या पणजोबांनी कातळ फोडून जमीन लागवडीला आणली. त्या कातळाची मालकी एका कलमाच्या एका वाक्याने सरकारकडे जाते आणि त्याचा एक रुपयाही मोबदला मिळत नाही, हे न्यायाला धरून आहे का? थ्रेसिअम्मा निकालाच्या प्रकाशात कलम ४८ ची पुन्हा परीक्षा व्हायला हवी, असे माझे मत आहे.

कायदेपंडित नव्हे, नुसता वकील

आपला आक्षेप न्याय्य आहे की नाही, आणि तो न्यायालयात टिकेल की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टिकण्याबाबत मला शंका आहे, ती अशी. हक्क "काढून घेतला" असे म्हणायचे तर तो आधी दिलेला असावा लागतो. मुंबई इलाख्यातील रयतवारी जमीन खातेदाराकडे राहिली ती १८७९ पासून खनिजाचा हक्क वगळूनच. १९६६ च्या संहितेने सामान्य खातेदाराकडून नवे काही घेतले नाही, आधीच राखून ठेवलेले पुन्हा राखून ठेवले. मलबारमधील जन्मी हक्क हा मुळात पूर्ण मालकीचा समजला जाई, म्हणून तेथे उत्तर वेगळे आले. ज्याला कलम ४८ ला आव्हान द्यायचे आहे त्याला १८७९ च्या मागे जावे लागेल आणि त्या वेळी आपल्या पूर्वजांकडे खनिजाचा हक्क होता हे कागदाने सिद्ध करावे लागेल. इनामदारांपैकी काहींना ते शक्य असेल. बाकीच्यांना कठीण आहे.

आता प्रश्नकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते खातेदाराची खरी ताकद तिथे आहे. खनिज शासनाचे असले तरी पृष्ठभाग आपला आहे. त्याच कलम ४८ मध्ये पुढे असे आहे की शासनाने किंवा शासनाने हक्क दिलेल्या व्यक्तीने खनिजासाठी जागेचा ताबा घेतला किंवा पृष्ठभागाची नासधूस केली तर ज्याच्या हक्काला बाधा येते त्याला भरपाई द्यावी लागते, आणि ती जिल्हाधिकारी भूसंपादन कायद्याच्या तत्त्वांना धरून ठरवतात. शासनाने हक्क दिलेला खासगी माणूस तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय, आणि भरपाई ठरून ती देऊ केल्याशिवाय, आपल्या जमिनीत पाऊल टाकू शकत नाही. गौण खनिजांच्या बाबतीत प्रत्यक्षात याहूनही सोपी गोष्ट घडते: दुसऱ्याच्या जमिनीसाठी परवाना मागणाऱ्याला अर्जासोबत खातेदाराचे संमतीपत्र जोडावे लागते. आपल्या तीन नावांपैकी एका नावाची सही जरी कमी असली तरी तो अर्ज अपुरा राहतो.

म्हणजे तो खाणवाला आपल्याकडे जे मागत आहे ते चिऱ्याची मालकी नव्हे. ती आपल्याकडे नाहीच, आणि त्याला ती शासनाकडून स्वामित्वधन भरून मिळणार आहे. तो मागत आहे ती संमती आणि जागेचा वापर. मोबदला त्याचाच घ्यावा आणि करारातही तसेच लिहावे. "आपल्या मालकीचा दगड विकत देत आहेत" हे वाक्य आहे तसे ठेवले तर उद्या पंचनाम्यात तोच करार आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून जोडला जाईल, कारण विनापरवाना काढलेले खनिज आपण विकल्याची ती लेखी कबुलीच ठरते.

डिचोलीकर

गोव्यातील अनुभव थोडा निराळा आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या खाण कायद्याखाली लोहखनिजाच्या सवलती, म्हणजे खनिज काढण्याचे हक्क, दिल्या. त्या सवलती मुदतीच्या नव्हत्या, कायमच्या होत्या, आणि ज्याला सवलत मिळाली तो जमिनीचा मालक असेलच असे नव्हते. मुक्तीनंतरही त्या तशाच चालू राहिल्या. अखेर १९८७ मध्ये संसदेने कायदा करून त्या रद्द केल्या आणि २० डिसेंबर १९६१ पासूनच त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाल्याचे मानले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी हे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले असे ठरवले आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द केले.

सांगण्याचा मुद्दा हा की या साऱ्या वादात पट्टेधारक, राज्य आणि पर्यावरणवादी असे तिघेच बोलत होते. ज्याच्या भाटात (बागायतीत) किंवा शेतात खाणीचा लाल गाळ उतरला तो शेतकरी नुकसानभरपाईच्या अर्जापुरता उरला. खनिजाचा हक्क आणि जमिनीचा हक्क एकदा वेगळे झाले की जमीनवाला दुय्यम होतो, असे आमच्याकडचे चित्र आहे. त्या मानाने चिऱ्याच्या बाबतीत आपली संमती लागते ही मोठीच गोष्ट आहे. ती स्वस्तात देऊ नका.

वणीकर

संमतीचे कवच सगळ्याच खनिजांना नाही, एवढे नमूद करावेसे वाटते. आमच्या वणी, चंद्रपूर पट्ट्यात कोळसा आहे आणि त्यासाठी १९५७ चा कोळसाधारक क्षेत्र संपादन कायदा लागतो. आधी कलम ४ ची अधिसूचना येते आणि शोधकार्य सुरू होते; मग कलम ७ ने संपादनाचा इरादा जाहीर होतो आणि हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. तिथे खातेदाराच्या सहीची गरज नसते.

या कायद्याखाली पूर्ण जमीन घेता येते किंवा केवळ खाणकामाचा हक्कही घेता येतो. दुसऱ्या प्रकारात सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहतो, पेरणीही तोच करतो, आणि खालून कोळसा काढला जातो. जमीन खचली, भेगा पडल्या, विहिरीचे पाणी उतरले की मग भरपाईसाठी पाठपुरावा सुरू होतो. पूर्ण संपादन झालेल्या शेतकऱ्यांना निदान १ सप्टेंबर २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला मिळू लागला. म्हणून अधिसूचना आली की आपल्या गटापुढे "सर्व हक्क" लिहिले आहे की "खाणकामाचे हक्क", हे आमच्याकडे लोक प्रथम पाहतात.

टेक्सासकर

अमेरिकेत जमीनमालक तेलाचा राजा असतो असा समज आपल्याकडे आहे, त्याबद्दल दोन शब्द. टेक्सासमध्ये खासगी माणसाकडे खनिजाची मालकी असू शकते हे खरे. परंतु ती जमिनीपासून तोडून वेगळी विकता येते आणि अनेक ठिकाणी ती कित्येक दशकांपूर्वीच विकली गेलेली आहे. उपनगरात घर घेणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना खरेदीखतात "खनिजाचे हक्क पूर्वीच्या विक्रेत्याने राखून ठेवले आहेत" असे वाक्य आढळते आणि बहुतेक जण ते न वाचता सही करतात. येथे खनिजाचा हक्क वरचढ मानला जातो. खनिजधारक तेल काढण्यासाठी वाजवी मर्यादेत पृष्ठभाग वापरू शकतो आणि घरमालकाला तो सहसा अडवता येत नाही. सरकारने विकलेल्या काही जमिनींत खनिज राज्याकडे राहिले आहे, आणि १९१९ च्या एका कायद्याने अशा जमिनींवर जमीनमालक राज्याचा प्रतिनिधी म्हणून पट्टा देतो व उत्पन्नाचा निम्मा वाटा घेतो.

चर्चेशी जुळणारी गंमत अशी की बांधकामाचा साधा दगड, चुनखडी, वाळू, रेती यांना टेक्सासची न्यायालये खनिजात धरत नाहीत. खरेदीखतात वेगळे लिहिलेले नसेल तर ती पृष्ठभागाच्या मालकाची. म्हणजे आपल्या प्रश्नकर्त्यांचा सडा इथे असता तर त्याखालचे तेल कदाचित दुसऱ्याचे असते, पण चिरा मात्र निश्चित त्यांचाच असता. महाराष्ट्रात नेमका तोच चिरा शासनाचा आहे.

जुना दफ्तरदार

घरासाठी चिरा काढण्याचा प्रश्न राहिला होता. पायासाठी खोदलेली माती त्याच भूखंडावर भरावासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरली तर तिच्यावर स्वामित्वधन लागत नाही. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०१४ रोजी मातीचा वापर कशासाठी झाला हे पाहिले पाहिजे असे ठरवले, आणि राज्याच्या नियमांतही आता तशी तरतूद आहे. तीच माती ट्रॅक्टरने दुसऱ्या जागी नेली की चित्र बदलते. विहीर खोदणे किंवा पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने काढणे, अशा कामांना पर्यावरण मंजुरीतून सूट आहे. पण ही सूट पर्यावरण मंजुरीची आहे, तिला स्वामित्वधनाची माफी समजू नये. भिंतींसाठी सड्यातून चिरा कापणे हे सरळ उत्खनन आहे. घर आपले, जागा आपली, तरीही आधी तहसील कार्यालयात अल्पमुदतीच्या परवान्याचा अर्ज करावा. रक्कम फार होत नाही आणि डोके शांत राहते.

कराराबद्दल वकीलसाहेबांनी मर्मावर बोट ठेवले आहे, मी केवळ जमिनीवरच्या गोष्टी जोडतो. करार पाच वर्षांचा आहे, म्हणजे एक वर्षाहून अधिक. त्यामुळे नोटरीपुढे केलेला मुद्रांक कागद पुरेसा नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी हवी. काम सुरू होण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत, कारण चिरेखाण शेजारच्या गटात केव्हा सरकते ते यंत्र चालवणाऱ्यालाही कळत नाही. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे शासनाच्या अटींवर धारण केलेली, असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहावी, नाहीतर शर्तभंगाची वेगळीच भानगड उभी राहते. परवाना, पर्यावरण मंजुरी, स्वामित्वधन, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा (खाणबाधित भागांसाठीच्या निधीचा) हिस्सा आणि कोणताही दंड ही सर्व जबाबदारी परवानाधारकाची, असे स्पष्ट लिहून घ्यावे. ते लिहिल्याने तहसीलदाराची नोटीस थांबत नाही, परंतु भरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करता येते. त्यासाठी आधीच अनामत रक्कम घेतलेली बरी.

मोबदला दर चिऱ्यामागे ठरवू नये, असे माझे मत आहे. आपण रोज तिथे उभे राहणार नाही, चिरा मोजणार त्याचा मुकादम, आणि कापताना तुटलेल्या चिऱ्यांचा हिशोब कधीच लागत नाही. त्यापेक्षा जागेचे वार्षिक भाडे एकरी ठरवावे, किंवा दर सहा महिन्यांनी खड्ड्याचे मोजमाप करून ब्रासवर रक्कम घ्यावी. वरची माती वेगळी रचून ठेवणे, खोलीची मर्यादा, आणि काम संपल्यावर खड्ड्याला कुंपण घालणे किंवा तो भरून देणे या अटी सुरुवातीलाच घालाव्यात. चिरा संपलेल्या खाणीत पावसाचे पाणी साचते, गुरे पडतात आणि मग त्या जमिनीला कोणी विचारत नाही.

आणखी एक. राजापूरच्या सड्यावर बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ अशा ठिकाणी कातळशिल्पे आहेत. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. ती खासगी सातबाऱ्यांवरही आहेत. संमती देण्यापूर्वी आपला सडा एकदा स्वतः चालून पाहा. गवत वाळल्यावर रेषा चांगल्या दिसतात. काही आढळले तर पुरातत्त्व विभागाला कळवावे आणि तो भाग करारातून वगळावा.

सड्यावरचा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. वडील आणि काका दोघांनीही ही चर्चा वाचली. ते वाक्य काढून टाकण्याबद्दल खाणवाल्यांशी फोनवर बोललो, तेव्हा त्यांनी वेगळीच गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे शेजारच्या गटाचा परवाना आधीपासून आहे, त्याची मुदत अजून शिल्लक आहे, त्यामुळे आमच्या गटासाठी नवा परवाना घेण्याची गरज नाही आणि त्याच पासवर आमचाही चिरा बाहेर काढता येईल, असे ते म्हणतात. त्यांना आमची संमती केवळ साध्या कागदावर चालेल. यात काही अडचण आहे का?

जुना दफ्तरदार

मोठी अडचण आहे. परवाना गटाचा असतो, खाणवाल्याचा नसतो. त्यात गट क्रमांक, क्षेत्र आणि किती ब्रास काढायचे हे नमूद असते आणि पासही त्याच गटावरून निघतात. आपल्या गटात पडलेला खड्डा कोणत्याही कागदावर नसेल, म्हणजे मोजणीच्या दिवशी तो संपूर्ण विनापरवाना ठरेल आणि पाचपटीचे गणित आपल्या सातबाऱ्यावर मांडले जाईल. साध्या कागदावरची संमती हाती असल्याने "मला माहीत नव्हते" असेही आपल्याला म्हणता येणार नाही. त्या गृहस्थांना आपल्या गट क्रमांकाचा स्वतंत्र अर्ज करायला सांगा, परवान्याची प्रत हातात आल्याशिवाय यंत्र सड्यावर चढू देऊ नका. तयार नसतील तर व्यवहार सोडून द्या. दुसरा कोणी विचारायला येईपर्यंत तिघांच्या नावांचा अद्ययावत सातबारा आणि मोजणी नकाशा तेवढा काढून ठेवा.